घरच्या घरी गाणे: मल्टिट्रॅक रेकॉर्डर कसा निवडावा

घरगुती मैफिलीचे मोबाइलवर केलेले रेकॉर्डिंग बहुतेक वेळा निराशा करते. खोलीत बसलेल्यांना गाण्याचे शब्द न् शब्द ऐकू आलेले असतात. रेकॉर्डिंगमध्ये मात्र डग्गा घुमतो, पेटी शब्दांवर चढते आणि पंख्याची घरघर सगळ्यांना पुरून उरते. महागडा मोबाइल घेऊनही यात फारसा फरक पडत नाही. माणसाला दोन कान असतात. कोणता आवाज कोणत्या दिशेने आला हे मेंदू ओळखतो, हवा तो आवाज उचलतो आणि बाकीचे मागे सारतो. मायक्रोफोनला अशी निवड करता येत नाही. त्याच्या पडद्यावर एका क्षणी हवेचा जो एकूण दाब पडतो, तेवढाच तो नोंदवतो. गायक, पेटी, तबला आणि पंखा या चौघांची बेरीज त्याच्यापर्यंत पोचते.

एकदा बेरीज झाली की त्यातला एक आकडा बदलणे अवघड होते. आवाज वेगळे करून देणारे संगणकाचे प्रोग्रॅम अलीकडे आले आहेत, पण त्या ओढाताणीत मूळ आवाजाचा पोत बऱ्याचदा बिघडतो. आवाज पहिल्यापासूनच वेगळे नोंदवणे हा खात्रीचा उपाय, आणि मल्टिट्रॅक रेकॉर्डर हेच काम करतो. बाजारात असे रेकॉर्डर अनेक आहेत. घरी गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला सहज वापरता येईल असा रेकॉर्डर निवडायचा, तर तो काम कसे करतो हे आधी समजून घ्यावे लागते.

वेगवेगळ्या वाट्या

जेवणाच्या ताटात आमटी, भाजी आणि कोशिंबीर वेगवेगळ्या वाट्यांत वाढलेली असली, तर आमटी तिखट झाल्यास तेवढीच बदलता येते. सगळे एकत्र कालवले की तो मार्ग बंद होतो. मल्टिट्रॅक रेकॉर्डर गाण्यातल्या प्रत्येक आवाजाला अशी स्वतंत्र वाटी देतो. तिला ट्रॅक म्हणतात.

यामुळे तीन गोष्टी साधतात. पहिली, प्रत्येक आवाज नंतर निवांतपणे लहान-मोठा करता येतो. दुसरी, तबलजीचा एक ठेका चुकला तर बाकीच्यांना पुन्हा वाजवावे लागत नाही. तिसरी सर्वांत मोलाची: सगळे आवाज एकाच वेळी नोंदवण्याची गरज उरत नाही. आधी पेटी नोंदवायची, ती हेडफोनवर ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर गायचे आणि दोन्ही ऐकत तिसऱ्यावर गिटार वाजवायची. या पद्धतीला ओव्हरडबिंग म्हणतात. एकच माणूस स्वतःच्याच गाण्याला दुसरा सूर देऊ शकतो तो याच पद्धतीने.

सर्व आवाज मनाजोगे जमले की त्यांचे प्रमाण ठरवून त्यांची डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांत बेरीज केली जाते. तिला मिक्सडाउन म्हणतात. श्रोत्यापर्यंत पोचते ती ही शेवटची बेरीज. फरक इतकाच की आता ती विचारपूर्वक केलेली असते.

टेपवरचा पेच

ओव्हरडबिंगची कल्पना सोपी वाटली, तरी ती यंत्रात उतरवताना एक मोठी अडचण आली. अमेरिकी गिटारवादक लेस पॉल यांनी १९४८ साली ‘लव्हर’ हे वादन प्रसिद्ध केले. त्यात गिटारचे आठ वेगवेगळे आवाज होते आणि सगळे त्यांनी स्वतःच वाजवले होते. त्यासाठी त्यांनी तबकड्या वापरल्या. एका तबकडीवर पहिला आवाज कोरायचा, ती वाजवत दुसरा आवाज त्यात मिसळून दुसऱ्या तबकडीवर कोरायचा, आणि असेच पुढे जायचे. आधीच्या फेरीतली चूक पुढे लक्षात आली तर तेवढीच दुरुस्त करण्याची सोय नव्हती. शिवाय प्रत्येक फेरीगणिक खरखर वाढत जाई.

चुंबकीय टेप आल्यावर एकाच रुंद टेपवर शेजारीशेजारी अनेक ट्रॅक ठेवणे शक्य झाले, पण पेच सुटला नव्हता. टेप यंत्रात तीन हेड एका ओळीत असतात. एक जुना आवाज पुसते, दुसरे नवा आवाज नोंदवते, तिसरे नोंदवलेला आवाज वाजवते. नोंदवणारे आणि वाजवणारे हेड एकमेकांपासून काही सेंटिमीटर दूर असतात. टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावत असेल आणि हे अंतर चार सेंटिमीटर धरले, तर दोन्हींमध्ये सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाचा फरक पडतो. तिसऱ्या हेडवरून जुना ट्रॅक ऐकत नवा वाजवला, तर नवा आवाज टेपवर जुन्याच्या तेवढाच मागे पडतो. द्रुत लयीत ही चूक अर्ध्या मात्रेपर्यंत जाऊ शकते.

ॲम्पेक्स कंपनीने यावर तोडगा काढला. नोंदवणाऱ्या हेडचे वेगवेगळे भाग करून, ज्या ट्रॅकवर नोंद करायची नाही त्या भागाकडून ऐकवण्याचे काम करून घेतले. जुना आवाज ऐकू येणे आणि नवा नोंदवला जाणे या दोन्ही गोष्टी आता टेपच्या एकाच जागी घडू लागल्या आणि फरक मिटला. असे आठ ट्रॅकचे यंत्र १९५७ मध्ये लेस पॉल यांच्याकडे पोचले. किंमत होती दहा हजार डॉलर.

अशी यंत्रे पुढेही बराच काळ मोठ्या स्टुडिओंपुरतीच राहिली, आणि तिथेही ट्रॅक मोजकेच असत. बीटल्सचा १९६७ मधला ‘सार्जंट पेपर्स’ हा संग्रह लंडनमध्ये चार ट्रॅकच्या यंत्रांवर झाला. चारही ट्रॅक भरले की त्यांचे मिश्रण दुसऱ्या यंत्राच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवून पुढची जागा मोकळी केली जाई. या युक्तीला बाउन्सिंग म्हणतात. लहान रेकॉर्डरमध्ये ती आजही उपयोगी पडते.

कॅसेटमधला स्टुडिओ

मल्टिट्रॅक घरात आला तो १९७९ साली. टास्कॅम कंपनीने त्या वर्षी ‘पोर्टास्टुडिओ १४४’ बाजारात आणला. त्यात साधी कॅसेट वापरली जाई. नेहमीच्या कॅसेटच्या टेपवर चार अरुंद ट्रॅक असतात. दोन ‘ए’ बाजूचे, दोन उलट दिशेने वाजणारे ‘बी’ बाजूचे. या यंत्राने चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरले आणि आवाजाचा दर्जा सुधारावा म्हणून टेप दुप्पट वेगाने फिरवली. त्यामुळे ६० मिनिटांच्या कॅसेटवर १५ मिनिटांचेच काम मावत असे. पण मिक्सर आणि रेकॉर्डर एकाच खोक्यात आले आणि ते टेबलावर ठेवता येऊ लागले.

या यंत्राची ताकद अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या ‘नेब्रास्का’ या संग्रहाने दाखवून दिली. १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या घरी त्यांनी ही गाणी पोर्टास्टुडिओवर नोंदवली, ती केवळ कच्चा खर्डा म्हणून. नंतर स्टुडिओत पूर्ण वाद्यवृंदासह तीच गाणी करून पाहिली, पण खर्ड्यातला भाव काही उतरेना. शेवटी घरची कॅसेटच संग्रह म्हणून प्रसिद्ध झाली. जेमतेम चार ट्रॅक, दोन साधे माइक आणि चालवायला सोपे यंत्र एवढ्यावर काम भागले होते. आजच्या खरेदीदारानेही हे लक्षात ठेवावे, कारण वैशिष्ट्यांच्या लांबलचक यादीचा आणि चांगल्या गाण्याचा थेट संबंध नसतो.

यंत्राच्या आत काय घडते

आजच्या रेकॉर्डरमध्ये टेपची जागा मेमरी कार्डाने घेतली आहे. माइकचा पडदा हलला की अतिशय क्षीण विद्युत दाब निर्माण होतो. रेकॉर्डरमधला प्रीॲम्प हा भाग तो वाढवतो. किती वाढवायचा हे ज्या बटनाने ठरते त्याला गेन म्हणतात. त्यानंतर हा चढता-उतरता दाब ठरावीक अंतराने मोजला जातो आणि प्रत्येक माप आकडा म्हणून कार्डावर लिहिले जाते. संगीताच्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मापे घेतली जातात. घरच्या रेकॉर्डिंगलाही एवढी पुरतात, कारण त्यातून माणसाच्या कानाला ऐकू येणारी पूर्ण कक्षा टिपली जाते.

मापाचा बारकावा ‘बिट’मध्ये सांगतात. १६ बिटमध्ये दाबाच्या ६५,५३६ पायऱ्या करता येतात, तर २४ बिटमध्ये सुमारे १ कोटी ६७ लाख. पायऱ्या जास्त असल्या की हळू आवाजही स्वच्छ नोंदवला जातो आणि पातळी थोडी कमी ठेवली तरी बिघडत नाही. वरच्या टोकाला मात्र कोणतीही सवलत नाही. सर्वांत वरची पायरी ओलांडली की लाटेचा माथा कापला जातो आणि फाटल्यासारखा आवाज येतो. याला क्लिपिंग म्हणतात. एकदा क्लिप झालेला आवाज मुळासारखा दुरुस्त होत नाही. म्हणून गेन लावताना सर्वांत जोराची तान घेऊन पाहावी आणि मीटरचा काटा शून्याच्या खाली १२ डेसिबलच्या आसपास राहील असे बटन ठेवावे.

जागेचा हिशेब सोपा आहे. २४ बिटचा एक ट्रॅक मिनिटाला सुमारे ८ एमबी जागा घेतो. पाच मिनिटांचे आठ ट्रॅकचे गाणे ३२० एमबीच्या घरात जाते. ३२ जीबीच्या कार्डावर अशी शंभरेक गाणी मावतात. त्यामुळे अधिक मोठ्या कार्डामागे धावण्याचे कारण नाही. शिवाय जुनी मॉडेल ३२ जीबीपेक्षा मोठे कार्ड स्वीकारतही नाहीत.

एकूण किती आणि एका वेळी किती

खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला आकडा एकूण ट्रॅकचा असतो: ८, १६, २४, ३२. खरेदीदाराची पहिली चूक इथेच होते. एकूण ट्रॅक म्हणजे किती आवाज साठवून एकत्र वाजवता येतील तो आकडा. एका वेळी किती आवाज वेगळे नोंदवता येतील हा आकडा निराळा आणि बहुधा बराच लहान असतो. टास्कॅमच्या डीपी-००८ईएक्समध्ये ट्रॅक आठ आहेत, पण एका वेळी दोनच नोंदवता येतात. झूम कंपनीच्या आर८ आणि आर१२ यांचेही तसेच. टास्कॅमचा डीपी-२४एसडी २४ ट्रॅकचा आणि डीपी-३२एसडी ३२ ट्रॅकचा, पण दोन्हींत एका वेळची मर्यादा आठची. झूमचा आर२० सोळा ट्रॅकचा असून तोही एका वेळी आठ आवाज घेतो.

म्हणून निवडीची सुरुवात ट्रॅकपासून न करता माणसांपासून करावी. एका वेळी किती जण वाजवणार आणि त्यांतल्या किती जणांचा आवाज नंतर वेगळा हाताळायचा आहे, हा पहिला प्रश्न.

एकट्याने गाणे रचणाऱ्याला, म्हणजे गिटार किंवा कीबोर्ड वाजवून त्यावर गाणाऱ्याला, दोन इनपुट पुरतात. बाकीचे आवाज तो एकामागून एक भरतो. स्वतः पेटी वाजवत गाणाऱ्यालाही दोन इनपुट चालतात, एक गळ्याला आणि एक पेटीला. मात्र इथे एक काळजी घ्यावी. माइक तोंडापासून १५ सेंटिमीटरवर असेल, तर पेटीचा माइक त्या माइकपासून किमान ४५ सेंटिमीटर दूर ठेवावा. तिपटीचे हे अंतर पाळले की एकाचा आवाज दुसऱ्यात कमी मिसळतो.

ख्याल किंवा ठुमरी नोंदवायची असेल तर प्रश्न वेगळा होतो. तिथे तबलजी गायकाकडे पाहून लय सांभाळतो, पेटीवाला गायकाची जागा ऐकून तिचा माग काढतो. ही मंडळी वेगवेगळ्या दिवशी वाजवू शकत नाहीत. गळा, पेटी, तबला, डग्गा आणि तानपुरा एकाच वेळी वेगळे हवे असतील तर पाच इनपुट लागतात, म्हणजे व्यवहारात आठ इनपुटचे यंत्र. भजनी मंडळालाही हेच लागू पडते. बुवांचा गळा, पेटी, पखवाज, टाळ आणि मागे साथ करणारे टाळकरी एवढे धरले की दोन इनपुट अपुरे पडतात. टाळांचा आवाज इतका तीव्र असतो की तो प्रत्येक माइकमध्ये शिरतोच, म्हणून टाळकऱ्यांना माइकांपासून दूर बसवावे लागते.

दोन्हींच्या मधला एक मार्गही आहे. भावगीत, गझल किंवा अभंगाची लय आधीच ठरलेली असते. तिथे मेट्रोनोमच्या ठोक्यावर किंवा आधी नोंदवलेल्या ठेक्यावर एकेक वाद्य भरत जाता येते, आणि दोन इनपुटचा रेकॉर्डर उत्तम काम देतो.

कोणते वाद्य कुठे जोडायचे

इनपुटची संख्या कळली की त्यांचा प्रकार पाहावा. तीन पिनांच्या गोल सॉकेटला एक्सएलआर म्हणतात. ते माइकसाठी असते. माइक मुख्यतः दोन जातींचे. डायनॅमिक माइक दणकट असतो, त्याला वेगळी वीज लागत नाही आणि तो जवळचा आवाजच प्रामुख्याने उचलतो. रहदारीच्या रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये हाच सोयीचा पडतो. कंडेन्सर माइक बारकावे अधिक टिपतो, पण शेजारच्या कुकरची शिट्टीही टिपतो. त्याला रेकॉर्डरकडून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. या पुरवठ्याला फँटम पॉवर म्हणतात. कंडेन्सर माइक घेण्याचा विचार असेल तर ही सोय रेकॉर्डरमध्ये आहे की नाही हे आधी पाहावे.

इलेक्ट्रिक गिटार किंवा पिकअप बसवलेली साधी गिटार जाड पिनेने थेट जोडता येते, पण त्यासाठी इनपुटवर ‘गिटार’ किंवा ‘हाय-झेड’ असा खटका हवा. तो नसला तर पिकअपवर भार पडून आवाजातली चमक जाते. कीबोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा यांचा संकेत मुळातच जोरकस असतो. त्यांना लाइन इनपुट लागते. कीबोर्ड स्टिरिओ घ्यायचा तर दोन इनपुट तो एकटाच अडवतो. पेटी, तबला, बासरी, सतार यांना वायर लावण्याची सोय सहसा नसते, त्यांच्यासाठी माइकच हवा.

काही लहान रेकॉर्डरमध्ये दोन माइक अंगातच बसवलेले असतात. सुचलेली चाल लगेच टिपून ठेवायला ते फार कामाचे. मात्र ते पूर्ण खोली ऐकतात आणि बटन दाबल्याचा टकटक आवाजही पकडतात. पक्क्या रेकॉर्डिंगला बाहेरचा माइक लागतोच.

सोपे म्हणजे काय

रेकॉर्डर वापरायला सोपा आहे, असे प्रत्येक जाहिरात सांगते. बटने कमी असली की यंत्र सोपे, हा समज बऱ्याचदा फसवतो. बटने कमी असली की कामे पडद्यावरच्या मेनूत दडवलेली असतात, आणि आवाज कमी करण्यासाठीही चार वेळा बटन दाबावे लागते. गाणे सुचल्यापासून नोंदवले जाईपर्यंत मध्ये किती पायऱ्या येतात, हे सोपेपणाचे खरे माप आहे.

वरचेवर लागणारी कामे पाच आहेत: ट्रॅक निवडणे, गेन लावणे, नोंद सुरू करणे, मागे जाऊन ऐकणे आणि ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणे. ही पाच मेनूत न शिरता होत असतील तर यंत्र सोपे समजावे. प्रत्येक ट्रॅकला वर-खाली सरकणारा फेडर किंवा स्वतंत्र फिरते बटन असले की कोणता आवाज किती आहे ते नजरेला दिसते आणि बोटाला कळते. वैशिष्ट्ये कमी असूनही असे यंत्र अनेकांना अधिक आवडते, ते त्यामुळेच.

त्यानंतर पाहावी चूक दुरुस्त करण्याची सोय. ‘अनडू’ने शेवटची नोंद रद्द करता यावी. ‘पंच-इन’ने ट्रॅकचा मधलाच तुकडा बदलता यावा. दुसऱ्या अंतऱ्यातली एकच ओळ बेसूर झाली असेल, तर त्या ओळीच्या आधीपासून गाणे वाजू द्यायचे. ठरवलेल्या क्षणी यंत्र आपोआप नोंद सुरू करते आणि ओळ संपताच थांबते. हे क्षण आधी नेमून ठेवता येत असतील किंवा पायाने दाबायचे पेडल जोडता येत असेल, तर पेटीवरचे हात न उचलता काम होते.

गेन लावणे हीच ज्यांना कटकट वाटते त्यांच्यासाठी अलीकडे ‘३२ बिट फ्लोट’ पद्धत आली आहे. झूमच्या आर४ या चार ट्रॅकच्या छोट्या यंत्रात ती आहे. या पद्धतीत मापाची कक्षा इतकी मोठी असते की आवाज जोराचा आला तरी माथा कापला जात नाही, आणि हळू आला तर नंतर वाढवता येतो. माइकच आवाजाने गुदमरला तर मात्र ही पद्धतही वाचवू शकत नाही.

साध्या वाटणाऱ्या आणखी दोन बाबी आहेत. सेलवर किंवा पॉवर बँकेवर चालणारे यंत्र वीज गेली तरी गाणे अर्ध्यावर सोडत नाही, आणि स्वस्त अडॅप्टरमधून येणारी गुणगुणही टळते. आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने ही गुणगुण खर्जात ऐकू येते. दुसरी बाब गाणे बाहेर काढण्याची. काही यंत्रे कार्डावर सरळ ‘वेव्ह’ फाइल ठेवतात, तर काही स्वतःच्या खास मांडणीत गाणे साठवतात आणि प्रत्येक ट्रॅक वेगळा ‘एक्स्पोर्ट’ करायला लावतात. पहिला प्रकार सोयीचा.

संगणक, मोबाइल की स्वतंत्र रेकॉर्डर

हेच काम संगणकावर किंवा मोबाइलवरही होते. ॲपलच्या उपकरणांवर गॅरेजबँड मोफत मिळते, संगणकासाठी ऑडॅसिटी आहे. ट्रॅकची मर्यादा जवळजवळ राहत नाही आणि मोठ्या पडद्यावर काटछाट करणे कितीतरी सोपे जाते. मग स्वतंत्र यंत्र कशासाठी?

एक कारण विलंबाचे. संगणक आवाजाची मापे एकेक न घेता गठ्ठ्याने घेतो. गठ्ठा ५१२ मापांचा असेल तर तो भरायलाच सुमारे १२ मिलिसेकंद लागतात, आणि आवाज आत जाऊन हेडफोनपर्यंत परत येईस्तोवर त्याच्या दुपटीहून अधिक. या विलंबाला लेटन्सी म्हणतात. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे २४ मिलिसेकंदांचा विलंब झाला की गायकाला स्वतःचाच आवाज आठ मीटर दूरच्या स्पीकरमधून आल्यासारखा भासतो आणि लय ओढली जाते. गठ्ठा लहान करून किंवा चांगले ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि वाद्ये संगणकाला जोडणारे उपकरण, घेऊन हा त्रास कमी करता येतो, पण ती जुळवाजुळव शिकावी लागते. स्वतंत्र रेकॉर्डरमध्ये ऐकण्याची वाट थेट असते आणि विलंब जाणवत नाही.

दुसरे कारण लक्ष विचलित न होण्याचे. रेकॉर्डर सुरू केला की काही सेकंदांत तयार होतो. त्यावर फोन येत नाही, सूचना वाजत नाहीत आणि त्याचा पंखाही घरघरत नाही. अनेकांना मधला मार्ग पटतो: नोंद रेकॉर्डरवर करायची आणि काटछाट व मिक्सडाउन संगणकावर. काही रेकॉर्डर यूएसबीने जोडल्यावर इंटरफेस म्हणूनही चालतात. संगणकावर पुढे जायचे मनात असेल तर असे मॉडेल निवडावे.

एक भावगीत, दोन इनपुट

आठ ट्रॅक आणि दोन इनपुटच्या यंत्रावर केहरव्यातले एक भावगीत कसे उभे राहते, ते पाहण्यासारखे आहे. सुरुवात सुराच्या जुळणीने होते. पेटीचे स्वर जागच्या जागी बदलता येत नाहीत, म्हणून पेटी हाच आधार. गायकाची पट्टी काळी एक असेल तर पेटीची काळी एक धरून इलेक्ट्रॉनिक तानपुरा बारीक बटनाने तिच्याशी मिळवायचा, मग तबला आणि गिटार. कीबोर्ड असेल तर तोही पेटीकडे सरकवावा लागतो, कारण दोन्हींचे स्वर तंतोतंत जुळतीलच असे नाही.

पहिल्या ट्रॅकवर तानपुरा वायरने घेतला जातो. दुसऱ्यावर मेट्रोनोम ऐकत गायक कच्चे गाणे गातो. पुढच्या वादकांना कडवे कुठे संपते हे कळावे, एवढाच त्याचा उपयोग. तिसऱ्या आणि चौथ्या ट्रॅकवर तबला आणि डग्गा दोन माइकांनी एकाच वेळी घेतले जातात. डग्गा वेगळा असल्याने त्याची घुमक नंतर आवरता येते. पाचवा ट्रॅक पेटीचा. तिचा माइक भात्याच्या वाऱ्यापासून दूर, स्वरपट्टीच्या बाजूने किंचित वर ठेवला की भात्याची फुरफुर कमी येते. सहावा गिटारचा. ती नोंदवताना कर्कश गुणगुण आली तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा मंद केलेला दिवा बंद करून पाहावा.

एवढे झाल्यावर दुसऱ्या ट्रॅकवरचे कच्चे गाणे पुसून तिथेच पक्के गाणे नोंदवले जाते. गायकाला आता भरलेली साथ ऐकू येत असते, म्हणून गाणेही खुलते. हेडफोन कान पूर्ण झाकणारे हवेत. नाहीतर त्यातून झिरपणारा तबला गळ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि वाट्या वेगळ्या ठेवण्याचा हेतूच फसतो. सातव्या ट्रॅकवर अंतऱ्यापुरता दुसरा सूर आणि आठव्यावर मंजिरी. याहून जास्त आवाज हवे असतील तर तिसरा, चौथा आणि आठवा यांचे मिश्रण बाउन्स करून जागा मोकळी करता येते. मात्र बाउन्स केलेले आवाज पुन्हा वेगळे होत नाहीत. म्हणून मूळ ट्रॅकची प्रत आधी संगणकावर काढून ठेवावी.

खोलीचा विचार यंत्राइतकाच महत्त्वाचा. रिकाम्या भिंती आणि फरशी आवाज परतवतात आणि गळा न्हाणीघरात गायल्यासारखा येतो. गाद्या, जाड पडदे, कपड्यांनी भरलेले कपाट आणि दोरीवर टांगलेल्या दोन गोधड्या ही त्यावरची सर्वांत स्वस्त सोय.

चौकट: खरेदीपूर्वी तपासायच्या गोष्टी

- एका वेळी किती आवाज वेगळे नोंदवता येतात? एकट्याला दोन, मैफिलीला किंवा मंडळाला आठ.
- एकूण ट्रॅक किती? त्यांतले काही स्टिरिओसाठी जोडीने बांधलेले आहेत का?
- एक्सएलआर, फँटम पॉवर आणि गिटारचा खटका किती इनपुटना आहे?
- प्रत्येक ट्रॅकला स्वतंत्र फेडर किंवा बटन आहे का?
- ट्रॅक निवडणे, गेन, नोंद, ऐकणे आणि आवाज ही कामे मेनूविना होतात का?
- अनडू आणि पंच-इन आहेत का? पेडल जोडता येते का?
- सेलवर किंवा पॉवर बँकेवर चालतो का?
- कार्डावरून वेव्ह फाइल थेट मिळतात का? कार्ड किती मोठे चालते?
- हेडफोनचा आवाज तबल्याच्या वर ऐकू येण्याइतका आहे का?
- अंदाजपत्रकात माइक, स्टँड, वायर, हेडफोन आणि कार्ड धरले आहे का?

दुकानातली चाचणी आणि घरातली शिस्त

यंत्र हाताळून पाहता येत असेल तर माहितीपुस्तिका न उघडता एक चाचणी करावी. नवे गाणे उघडायचे, एका ट्रॅकवर दहा अंक मोजायचे, ते ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर टाळ्या द्यायच्या, मग फक्त टाळ्यांचा आवाज कमी करायचा. पाच मिनिटांत हे जमले तर ते यंत्र त्या माणसासाठी सोपे. जमले नाही तर त्यातली बाकीची वैशिष्ट्ये वापरली जाण्याची शक्यता कमीच. दुकान जवळ नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून माहितीपुस्तिका उतरवून नोंद आणि ओव्हरडब ही दोन प्रकरणे खरेदीआधी वाचावीत. पायऱ्या किती आहेत ते तिथेच कळते.

घरी आणल्यावर दोन सवयी लावाव्यात. नवे कार्ड रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करावे, आणि यंत्र चालू असताना ते कधीही बाहेर काढू नये. लिहिणे अर्धवट राहिले तर अख्खे गाणे जाऊ शकते. मिक्सडाउन झाल्यावर फक्त शेवटची बेरीज जपून भागत नाही. सुटे ट्रॅकही कार्डाखेरीज आणखी दोन जागी ठेवावेत, म्हणजे पुढे कधी डग्गा कमी करावासा वाटला किंवा पेटीऐवजी बासरी हवीशी वाटली, तर गाणे पहिल्यापासून न करता तेवढाच बदल करता येतो.